उस्मानचा आजोबा आणि आमचे सर

अन्याय आमच्या इतिहासाच्या सरांवर झाला. यंदा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदमळणीला, भर दुपारी, आमच्या कॉलेजच्या सभागृहात; पाहुण्यांच्या सत्कारानंतर आणि चहाच्या आधी. तासिका तत्त्वावर शिकवणारा, कधीच कायम न झालेला, चाळिशी ओलांडलेला एक माणूस माइकपुढं उभा राहिला, सातशे वर्षांपूर्वीच्या एका तुर्की टोळीबद्दल बोलला, आणि मंचाच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याचे तास बंद झालेले होते.

हेच मी पत्रकात लिहून छापायला नेलं. छापखान्यातल्या मामांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"बे पोरा, तुर्काचा आन् तुमच्या अध्यक्षाचा काय संबंध?"

"काहीच न्हाई, मामा."

"मग काढलं कावून?"

मी पत्रक परत खिशात घातलं. पत्रकं मी बरीच लिहिली. वसतिगृहाच्या पाण्याची, एसटीच्या फेऱ्यांची, थकलेल्या शिष्यवृत्तीची. पत्रकात वर अन्याय, मधे तो करणारा आणि खाली मागणी, एवढं असलं की झालं. इथं अन्याय ढळढळीत दिसतो, ज्याच्यावर झाला तो माणूस दिसतो, आणि मधलं काही केल्या नीट दिसत नाही. एका पानात ते बसेना, म्हणून हे एवढं लांबण. सरांचं नाव छापत नाही, कारण त्यांनीच मनाई केली. "तपास चालू असताना नाव छापलं," म्हणाले, "की पुढची पिढी त्यालाच पुरावा धरती."

असा माणूस. आता ह्याच्यासाठी लढा म्हणतात मला पोरं.

सर मूळचे चकलांब्याकडचे, केजला खोली करून राहायचे. नव्यानं भेटलेला माणूस त्यांच्यापुढं आधी गोंधळायचा आणि मग चिडायचा, कारण कुठल्याही गोष्टीला ते सरळ हो म्हणत नसत. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी तीन खणांत टाकल्या होत्या. पक्कं, कच्चं आणि मागनं जोडलेलं. एकदा युसूफ वडगावच्या फाट्यावर आम्ही एसटीसाठी उभे होतो.

"सर, गाडी साडेधाची हाय न्हवं?"

"कच्चं."

गाडी चांगली तासभर उशिरा आली. कंडक्टर म्हणाला, टायर बसलतं.

"मागनं जोडलेलं," सर माझ्या कानाशी म्हणाले आणि गाडीत चढले.

घरीही तीच तऱ्हा. काकूंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, एकदा आमच्यादेखत विचारलं, "भाजी कशी झाली?" सरांनी घास चावला, डोळे मिटले, गिळला. "एका घासावरनं सांगता येत न्हाई."

काकू माझ्याकडं वळल्या. "बघितलं का? लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्याबद्दल पण ह्यांचं अजून एका घासावरच चाललंय."

सर हसले नाहीत. ते खरंच विचारात पडले होते.

सरांचा जीव एकाच घराण्यात अडकलेला. उस्मानी. ज्यांनी पुढं इस्तंबूल घेतलं आणि तीन खंडांत राज्य केलं ते. पण राज्याशी सरांना काही देणंघेणं नव्हतं. इस्तंबूल ते पाच मिनिटांत जिंकून टाकायचे. त्यांना हवा असायचा राज्याच्या आधीचा काळ, जेव्हा ही माणसं कुठल्यातरी डोंगरउतारावर मेंढरं घेऊन बसलेली होती आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. परीक्षेला यावर प्रश्न येत नसे. आला असता तर त्यात सर तरी पास झाले असते की नाही, शंका आहे.

फळ्याच्या अगदी वर ते घराण्याचा पहिला राजा लिहायचे: उस्मान. त्याच्याखाली बाप: एर्तुग्रुल. त्याच्याखाली रेघ मारायचे आणि खडू थांबायचा.

"आजोबा कोण?"

कुणी वहीत बघायचं, कुणी खिडकीबाहेर.

"एक बखर म्हणती सुलेमानशहा. दुसरी म्हणती गुंदुझ आल्प. आता ह्या बखरी लिहिल्या कवा? उस्मान मेल्यावर शंभर वर्षांनी, आन् त्याच्याही मागनं. तोवर घरात राज्य आलतं. राज्य आलं की पूर्वज लागतात." मग आवाज खाली आणून, शेजाऱ्याची भानगड सांगावी तसे सांगायचे, "हा सुलेमानशहा फुरात नदीत बुडून मेला म्हणतात. गंमत बघा, दुसऱ्याच एका तुर्की घराण्यात खरोखरचा एक सुलेमान होता, त्याच मुलखात मेलेला. ह्यांनी बहुतेक तोच उचलला."

"मंजे आजोबा उसना, सर?" मागच्या बाकावरनं कुणीतरी.

"उसना असंल. पण परत केल्याचं ऐकिवात न्हाई."

आजोबाखाली तुटक रेघांनी आणखी नावं यायची. खाली खाली जात ओघुझ खान, सगळ्या तुर्कांचा तो मूळपुरुष, आणि त्याच्याही खाली थेट नूह, जहाजवाला. फळा संपला की सर फरशीवर उकिडवे बसून भिंतीच्या पट्ट्यावर लिहायचे. तासाची घंटा व्हायच्या बेतात आली की ओलं फडकं घेऊन खालून पुसत वर यायचे. नूह गेला. ओघुझ गेला. सुलेमानशहा गेला. शेवटी फळ्यावर दोनच नावं.

"उस्मान, एर्तुग्रुलचा पोरगा. एका नाण्यावर एवढंच सापडलंय. पक्कं."

आणि घंटा व्हायची. आम्ही बाहेर पडायचो ते डोकं गरगरत. तासभर वंशावळ उतरवून घेतली आणि शेवटी मास्तरानंच ती पुसली, मग वहीत आता काय ठेवायचं? काही पोरी पानं फाडायच्या. मी ठेवायचो. का, ते विचारू नका.

एकदा मी ठासून विचारलं. "सर, आपल्या मातीतलं एखादं घराणं घ्या की. लोक ऐकतील, सभा भरतील. हे कुठलं तुर्कस्थान?"

त्यांनी शर्टावरचा खडू झटकला. "आपल्या घराण्यांबद्दल खरं बोलायची मला भीती वाटती," म्हणाले. "ह्यांच्याबद्दल वाटत नव्हती."

वाटत नव्हती, म्हणाले. वाटत नाही, असं नाही म्हणाले. हे वाक्य मी अजून उलगडतोय.

पण एक सांगतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जातात. त्या पोरांना सर एर्तुग्रुल कसा शिकवायचे, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

"एर्तुग्रुलबद्दल नावापलीकडं पक्कं काहीच न्हाई. पण अशा टोळीचा पुढारी काय करत असतो, ते तुमाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. थंडी पडली की बिऱ्हाड उचलायचं, बायापोरं, जनावरं घेऊन खाली उतरायचं. ऊन तापलं की परत वर. पाणी कुठं, मुक्काम कुठं, वाटेत कुणाशी जमवायचं, कुणाशी भांडायचं, हे एकानं ठरवायचं. आपल्यात त्याला काय म्हणतात?"

"मुकादम!" सगळा वर्ग.

पुढच्या बाकावरची एक पोरगी एकदा उभी राहिली. "सर, माझे पप्पा मुकादम हायत. मंजे माझा नातू सुलतान होईल का?"

"होईल की. पण मग तुझ्या पप्पांचं नाव काढून टाकतील."

पोरगी हसली आणि लगेच हसायची थांबली.

आता कंदुरीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत; सांगितल्यावर कळतील असंही नाही.

माजलगावच्या धरणाकडं एका गावात दर्गा आहे. नवस फिटला की तिथं बोकड कापतात, फातिहा होतो, आणि सगळं गाव पंगतीला बसतं. त्या जेवणाला कंदुरी म्हणतात. बोकडाची मुंडी मानाची, ती पाटलांच्या थोरल्या पातीला, म्हणजे भाऊबंदांतल्या थोरल्या शाखेला. वर्गातल्या एका पोराच्या घरची कंदुरी होती म्हणून आम्ही सरांना घेऊन गेलो. पंगत बसायच्या आधीच पाटलांच्या दोन पात्या एकमेकींच्या अंगावर गेल्या. थोरली कोण, दोघीही म्हणे आम्हीच. रस्सा गार होऊ लागला. कुणीतरी सरांकडं बोट केलं, "इतिहासाचे मास्तर हायत, त्यांना इचारा."

सरांचे डोळे चमकले. मी मनात म्हणालो, मेलो.

"तुमी थोरले कशावरनं?" सरांनी एका म्हाताऱ्याला विचारलं.

"पूर्वीपासनं."

"आन् तुमी?"

"आमी त्याच्याही पूर्वीपासनं."

सरांनी मान डोलावली आणि भर दर्ग्यासमोर ओघुझ खान काढला. त्याची चोवीस नातवंडं, त्यांची चोवीस कुळं. कुणाचा पक्षी कोणता, कुणी जनावराला कोणता डाग द्यायचा, जेवणावळीत मेंढराचा कोणता तुकडा कुणाच्या पानात, सगळं ठरलेलं. "का ठरवलं? तर ही असली भांडणं नकोत म्हणून. त्यातलं थोरलं कूळ कायी. उस्मान मेल्यावर कैक पिढ्यांनी त्याच्या घरातल्यांनी लिहून घेतलं, आमी कायी. आता कायी का लिहिलं, धाकटं कूळ का न्हाई लिहिलं? कारण राज्य हातात आल्यावर कुणी धाकटं ऱ्हात न्हाई. तवा तुमच्यात थोरलं कोण..." सर थांबले. सगळं गाव थांबलं. "...ते सांगता येत न्हाई."

"मग इतका येळ काय सांगायलतात?" पहिला म्हातारा कडाडला.

"मास्तर, जेवायचं तर गप जेवा," दुसरा म्हातारा म्हणाला. मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालेलं होतं. मुंडी मधोमध फोडली, अर्धी इकडं, अर्धी तिकडं, आणि सरांच्या पानात नुसता रस्सा आला.

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो. मुंडी फोडताना तोच म्हातारा एका पाहुण्याला समजावत होता, "आमच्यात अर्धी-अर्धी करायची रीत हाय. लई पूर्वीपासनं."

सरांनी माझा दंड इतका जोरात धरला की बोटं उमटली. "बघितलं? मागनं जोडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं!" एवढा आनंद झालेला मी त्यांना कधी पाहिला नाही. त्याही वर्षी त्यांच्या पानात नुसता रस्साच होता.

अस्लमची पण एक तक्रार आहे. अस्लम माझ्याच वर्गातला, कॉलेज सोडून आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. एर्तुग्रुलवरची ती तुर्की मालिका आली तेव्हा त्यानं रात्ररात्र बघितली आणि कायी कुळाचं धनुष्यबाणाचं चिन्ह गाडीच्या टाकीवर चिकटवून घेतलं. कौतुकानं सरांना दाखवायला आणलं.

"छान," सर म्हणाले. "हे मेंढराला डागायचे."

"सर... मेंढराला?"

"न्हाईतर घोड्याला. आपलं जनावर वळखू यावं म्हणून."

"आन् एर्तुग्रुल गाझीच्या त्या लढाया?"

"कच्चं. बरंचसं तर मागनं जोडलेलं."

अस्लम गाडी घेऊन गेला तो महिनाभर सरांशी बोलला नाही. आणि इकडं आमच्याच काही पोरांनी भिंतीवर लिहून ठेवलं, तुर्कांचा वकील. मला सांगा, वकील असता तर अस्लम रुसला असता का?

आता त्या दिवशीचं.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे आजोबा ऊसतोडीचे मुकादम होते. साऱ्या तालुक्याला माहीत. मोठा माणूस. स्वतः कोयता धरलेला, टोळीतल्या पोरांची शाळा बुडते म्हणून त्यांनी पहिली झोपडीतली शाळा काढली, त्याचंच पुढं हे कॉलेज झालं. मी अध्यक्षांविरुद्ध तीन पत्रकं काढलीत, पण त्यांच्या आजोबांविरुद्ध एक अक्षर लिहिणार नाही. यंदा अध्यक्षांनी बाहेरगावच्या एका जाणकाराकडून घराण्याचा वंशवृक्ष करवून घेतला. तो संगमरवरावर कोरला आणि सभागृहाच्या दारात लावला. वर एक राजघराणं, मग सरदार, मग आणखी सरदार. आजोबाही होते, पण मुकादम हा शब्द कुठंच नव्हता. त्यांच्याही नावामागं सरदार लागलं होतं.

अनावरणाला प्राचार्यांनी सरांना सांगितलं, "घराणं कसं उभं राहतं, यावर पाच मिनिटं बोला." सर ते शब्दशः बोलले.

आता माझा गोंधळ नीट ऐका. सरांनी तो संगमरवर वाचला होता का? दारातनं आत येताना तो उजव्या हाताला होता. सर आले तेव्हा मी दारातच उभा होतो. ते माझ्याकडं बघून हसले, की संगमरवराकडं बघून? मला सांगता येत नाही.

ते मंचावर गेले आणि वर्गात बोलतात तेच बोलले. उस्मान, एर्तुग्रुल, उसना आजोबा. लोक घरच्या बैलांच्या ओढीनं खुर्चीत चुळबुळत होते. मग थंडी पडली की खाली, ऊन तापलं की वर. मग म्हणाले, "आपल्यात त्याला मुकादम म्हणतात."

मागच्या रांगेत एक हसू फुटलं. मग भिंतीकडं एक. मग सगळं सभागृह. सर गांगरले, वर्गात इथं कुणी हसत नसे. अध्यक्ष उठले, हात जोडले आणि निघून गेले. तिथं थांबायला हवं होतं. सर थांबले नाहीत. दाराकडं बघत, कळवळून म्हणावं तसं म्हणाले, "एर्तुग्रुलनं थंडीवाऱ्यात माणसं जगवली असतील हो. तेच त्याचं मोठेपण. पण ते कुणी लिहून ठेवलं न्हाई, कारण लिहिणाऱ्याला त्याची लाज वाटली. पूर्वज मोठा करायच्या नादात त्यांनी खरा पूर्वज घालवला."

चहा झालाच नाही.

चौकशी समितीनं दोन आरोप ठेवले. एक, तुर्कांचा उदोउदो. दोन, व्यासपीठावरून अध्यक्षांचं नाव घेऊन घराण्याचा अपमान. मी ओरडलो, अहो, ज्या माणसानं तुर्कांचा आजोबासुद्धा पुसून टाकला, त्यानं उदोउदो कसला केला? तो आरोप त्यांनी मुकाट्यानं बाजूला ठेवला. दुसरा राहिला. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी सरांच्या शेजारी बसलो होतो.

"तुमचा रोख अध्यक्षसाहेबांवर होता का नव्हता? एका शब्दात सांगा."

मी टेबलाखालून सरांचा पाय दाबला. नव्हता म्हणा, सर. एक शब्द. घरी काकू आहेत, खोलीचं भाडं आहे, पुढच्या तासाला वर्ग तुमची वाट बघतोय.

"सांगता येत न्हाई," सर म्हणाले. "मुकादम हे उदाहरण मी कायम देतो. पण त्या दिवशी देताना साहेब मला समोर दिसत होते. माझ्या मनात काय होतं, ह्याचा साक्षीदार मी एकटा. आन् घरचा साक्षीदार कच्चा असतो. सभागृहात एवढी माणसं होती. त्यांना विचारा."

समितीनं फक्त संस्थेच्याच दोघांना विचारलं. दोघं म्हणाले, हो, नाव घेतलं. मग अस्लम आपणहून आत शिरला.

"तू कावून आलास? तू तर तुर्काकडचा," समितीतला एकजण म्हणाला.

"तुर्काकडचा? साहेब, ह्यांनी माझ्या गाडीवरचं निशाण मेंढराला डागायचं म्हणलंय! माझं डोकं फिरलंय ह्यांच्यावर. पण नाव घेतलं न्हाई मंजे न्हाई."

त्याची साक्ष लिहून घेतली नाही.

सर सध्या घरीच असतात. परवा गेलो तर फरशीवर बसून पालक निवडत होते आणि एकेक पान उजेडात धरून तपासत होते. मी म्हणालो, माफी तरी मागा, नाहीतर माझ्याबरोबर रस्त्यावर तरी या. "माफी कशाची मागायची ते ठरंपर्यंत कशी मागू?" म्हणाले. "आन् घोषणा कुठली देऊ?" काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. "हा माणूस लई खरा हाय का नुसता येडा हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला अजून ठरवता आलं न्हाई. तुला कळलं तर सांगून जा रे. पण तवर त्यांना वर्गात जाऊ द्या. ते घरात बसले की खिशात खडू शोधत्यात."

मला कळलेलं नाही. ते शूर आहेत की बावळट, ते मी सांगू शकत नाही. पण माणूस कसा आहे याचा निकाल लागेपर्यंत त्याला वर्गाबाहेर ठेवायचं, हा कुठला न्याय?

म्हणून आता तुम्हाला सांगतो. हो, तुम्हालाच. त्या दुपारी सभागृह भरलं होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत, भिंतीला टेकून उभे होतात तुम्ही. येत्या सोमवारी सकाळी समिती शेवटची बसणार आहे. कॉलेजच्या फाटकावर या. सर विद्वान आहेत असं म्हणू नका, गरीब आहेत असं तर अजिबात म्हणू नका. दोनच प्रश्नांची उत्तरं समितीपुढं तोंडानं, मोठ्यानं द्या. सरांनी अध्यक्षांचं नाव घेतलं होतं का? आणि घेतलं नव्हतं, तर तुम्ही हसलात ते कुणाकडं बघून?